अमेरिकेतल्या ‘रेस रायट्स’ आणि आजचं राजकारण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे, तिथे १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने ब्लॅक वस्ती जाळली. मी तिथे जाऊन आले तेव्हापासून घरचे, मैत्रिणी, ऑफिसातले लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. दरवेळी तुकड्या तुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढलंय. काही उत्तरं लांबलीत, कारण विषयच तसा आहे.

रेस रायट म्हणजे वांशिक दंगलच ना? त्यात वेगळं काय सांगायचंय?

शब्दापासूनच सुरुवात करते कारण खरी गोम तिथेच आहे. दंगल तर कुस्त्यांचीही असते, दोन पैलवान, दोघंही तयारीचे, दोघंही आपल्या मर्जीने आखाड्यात उतरलेले. रस्त्यावर जे होतं त्यालाही आपण दंगल म्हणतो आणि मग डोक्यात तेच चित्र येतं, की दोन बाजू होत्या, दोघांनी मारामारी केली, दोघांचंही थोडंथोडं चुकलं. इंग्रजीतल्या ‘रायट’चंही असंच झालंय. १८९८ ते १९२३ या पंचवीसेक वर्षांत अमेरिकेत ज्याला रेस रायट म्हटलं गेलं ते बहुतेक ठिकाणी असं होतं, की हत्यारबंद गोरा जमाव ब्लॅक वस्तीत घुसला, घरं दुकानं जाळली, माणसं मारली आणि उरलेल्यांना गाव सोडायला लावलं. वस्तीतल्या काही जणांनी बंदुका काढून प्रतिकार केला, तर तेवढ्यावरून कागदोपत्री ‘दोन्ही बाजूंचा हिंसाचार’ झाला.

आणि हा काही भाषेचा कीस काढणं नाहीये. त्या एका शब्दावर विम्याचे पैसे बुडालेत आणि शाळेच्या पुस्तकात काय छापायचं यावर आजही भांडणं चालू आहेत. पुढे येईलच.

मग १९६० च्या दशकातल्या दंगली? त्या तर ब्लॅक लोकांनीच केल्या ना?

बरोबर, आणि म्हणूनच एकाच शब्दात सगळं कोंबलं की गोंधळ होतो. लॉस एंजलिसमधलं वॉट्स १९६५, नेवार्क आणि डेट्रॉइट १९६७, हे ब्लॅक वस्त्यांमधून उसळलेले उद्रेक होते, बहुतेक वेळा पोलिसांच्या एखाद्या कारवाईवरून पेटलेले, आणि जाळपोळ मुख्यतः आपल्याच भागातल्या दुकानांची. त्यात माणसं मेली, लुटालूट झाली, ते नाकारायचं कारण नाही. पण कुणाची अख्खी वस्ती उठवायला दुसऱ्या वस्तीतले लोक पोलिसांच्या मदतीने चालून आले असं तिथे नव्हतं. गंमत अशी नाही तर दुःख असं आहे, की आज ‘रेस रायट’ म्हटलं की अमेरिकन माणसालाही हे साठच्या दशकातलंच आठवतं, आधीचं आठवतच नाही.

विल्मिंग्टन १८९८ चं नाव सारखं येतं. तिथे नक्की काय झालं?

विल्मिंग्टन हे नॉर्थ कॅरोलायनातलं तेव्हाचं सगळ्यात मोठं शहर, बंदर, आणि लोकसंख्येत ब्लॅक लोक निम्म्याहून जास्त. गुलामगिरी संपून तीस-बत्तीस वर्षं झालेली. शहराच्या कारभारात ब्लॅक लोक होते, पोलिसात होते, धंद्यात होते, अॅलेक्झांडर मॅनली नावाचा ब्लॅक संपादक ‘डेली रेकॉर्ड’ नावाचा पेपर काढायचा. गरीब गोरे शेतकरी ज्या पक्षात होते तो पॉप्युलिस्ट पक्ष आणि ब्लॅक लोक ज्याला मत द्यायचे तो रिपब्लिकन पक्ष, या दोघांनी युती करून राज्यातली सत्ता मिळवली होती. (तेव्हाचे रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट हे आजच्यासारखे नव्हते, उलटेच होते म्हटलं तरी चालेल, हे ध्यानात ठेवा नाहीतर पुढचं सगळं उलटं वाचाल.)

ही युती फोडायची कशी? डेमोक्रॅट पक्षाचा राज्याध्यक्ष फर्निफोल्ड सिमन्स आणि राली शहरातल्या ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’चा मालक संपादक जोसिफस डॅनियल्स यांनी ठरवलं की निवडणूक एकाच मुद्द्यावर लढायची, गोऱ्यांचं राज्य. मग महिनोन्महिने पेपरात व्यंगचित्रं, ब्लॅक माणूस राक्षसासारखा दाखवलेला आणि त्याच्या पंजात गोरी बाई. लाल शर्ट घातलेल्या घोडेस्वारांच्या टोळ्या गावोगाव बंदुका घेऊन फिरायच्या. मॅनलीने आपल्या पेपरात उत्तर दिलं, की गोऱ्या बायका आणि ब्लॅक पुरुषांचे संबंध कित्येकदा दोघांच्या मर्जीचे असतात, आणि गोऱ्या पुरुषांनी ब्लॅक बायकांवर जे केलंय त्याबद्दल कोण बोलणार. तो अग्रलेख डेमोक्रॅटांनीच लोकांना भडकवायला राज्यभर छापून वाटला.

८ नोव्हेंबरला निवडणूक झाली, दहशत आणि फसवणूक करून ते जिंकलेही. पण शहराच्या नगरपालिकेची मुदत संपलेली नव्हती, ती या निवडणुकीत नव्हतीच. तेवढंही थांबायची तयारी नव्हती. १० नोव्हेंबरला अल्फ्रेड वॅडेल नावाच्या माजी खासदाराच्या मागे जमाव निघाला, मॅनलीच्या पेपरचं ऑफिस जाळलं, मग वस्तीत गोळीबार. बायका मुलं घेऊन लोक दलदलीत आणि स्मशानात लपले. मेयर आणि नगरसेवकांना बंदुकीच्या धाकावर राजीनामे द्यायला लावले आणि संध्याकाळपर्यंत तोच वॅडेल मेयर झालेला. मेलेल्यांचे अंदाज १४ पासून शंभराच्या वरपर्यंत वेगवेगळे आहेत कारण मोजायचं कुणी, मोजणारेच मारणारे होते.

आणि खरा परिणाम त्याच्यानंतरचा. १९०० साली राज्यघटनेत दुरुस्ती केली, मत द्यायचं तर वाचता लिहिता आलं पाहिजे, मतासाठी कर भरला पाहिजे. मग अडाणी गोऱ्यांचं काय? तर त्यांच्यासाठी आजोबा कलम, म्हणजे १८६७ च्या आधी तुमचे बापआजे मतदार असतील तर तुम्हाला परीक्षा माफ. ब्लॅक माणसाचे आजोबा १८६७ च्या आधी गुलाम. त्या राज्यातून पुन्हा ब्लॅक खासदार निवडून यायला १९९२ साल उजाडलं. माझ्यासाठी विल्मिंग्टनचा अर्थ हाच, की ती जाळपोळ हा काही राग अनावर होऊन झालेला प्रकार नव्हता, निवडणुकीच्या हिशेबातली ती एक पायरी होती.

शंभर वर्षं याला ‘विल्मिंग्टन रेस रायट’ म्हणायचे, आणि तेही ‘ब्लॅक लोकांनी केलेली’ असं पुस्तकात. २००६ मध्ये राज्याने नेमलेल्या आयोगाने सांगितलं की हा आधीपासून रचलेला कट होता. त्याच वर्षी न्यूज अँड ऑब्झर्व्हरने आपल्या जुन्या पापाबद्दल माफीही मागितली.

दरवेळी ‘बाईवर हात टाकला’ हीच अफवा का असते?

कारण ती चालते. घराण्याची अब्रू, बाईची इज्जत यावर लोक किती पटकन पेटतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

अटलांटा १९०६ बघा. जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी दोन उमेदवार, होक स्मिथ आणि क्लार्क हॉवेल, दोघंही पेपरवाले, आणि दोघांची चढाओढ कशावर, तर ब्लॅक लोकांचं मत कोण जास्त पक्कं काढून घेईल यावर. महिनोन्महिने तेच तापवलं. सप्टेंबरात एकाच संध्याकाळी पेपरांच्या जादा आवृत्त्यांवर जादा आवृत्त्या, अमुक बाईवर हल्ला, तमुक बाईवर हल्ला, पोरं रस्त्यावर ओरडत विकतायत. रात्री जमाव सुटला. निदान पंचवीस ब्लॅक माणसं मेली. दोन वर्षांत जॉर्जियानेही मतदानाची कलमं बदलली.

१९०८, स्प्रिंगफील्ड, इलिनॉय, म्हणजे खुद्द लिंकनचं गाव. एका गोऱ्या बाईने एका ब्लॅक माणसावर बलात्काराचा आरोप केला, जमाव जेलवर गेला, शेरीफने कैद्यांना आधीच गावाबाहेर हलवलं होतं, मग जमावाने वस्ती जाळली आणि ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा दोन ब्लॅक माणसांना फासावर लटकवलं, त्यातले एक ऐंशीच्या घरातले म्हातारे. त्या बाईने नंतर कबूल केलं की आरोप खोटा होता. या घटनेच्या धक्क्यातून १९०९ मध्ये लिंकनच्या शंभराव्या जयंतीला एनएएसीपी ही ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना उभी राहिली, जी पुढे कोर्टात शाळांमधला भेदभाव मोडून काढते.

डेट्रॉइटला १९४३ मध्ये तर एकाच रात्री दोन अफवा होत्या. गोऱ्यांत अशी की ब्लॅक लोकांनी पुलाजवळ गोऱ्या बाईवर बलात्कार केला, आणि ब्लॅक लोकांत अशी की गोऱ्यांनी ब्लॅक बाईला बाळासकट नदीत फेकलं. दोन्ही खोट्या. ३४ मेले, त्यातले २५ ब्लॅक, आणि त्या पंचवीसातले १७ पोलिसांच्या गोळीने. पोलिसांच्या गोळीने मेलेला गोरा एकही नाही.

पण ते जुनं झालं. आता लोक शिकलेत, मोबाईल आहे, खरं खोटं लगेच कळतं की?

उलट मोबाईलमुळे अफवेला पेपरच्या जादा आवृत्तीची पण वाट बघावी लागत नाही. इंग्लंडमधल्या साउथपोर्टला २९ जुलै २०२४ ला तीन लहान मुलींचा खून झाला, भयंकर घटना. काही तासांत नेटवर खोटं नाव फिरायला लागलं, की मारणारा मुसलमान आहे, बोटीतून आलेला निर्वासित आहे. प्रत्यक्षात तो मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला. दुसऱ्या दिवशी मशिदीवर हल्ला झाला, आणि आठवड्याभरात रॉदरहॅमजवळच्या एका हॉटेलात निर्वासित राहतात म्हणून माणसं आत असताना ते पेटवायचा प्रयत्न झाला.

आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला अध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये ट्रम्प म्हणाले की ओहायोमधल्या स्प्रिंगफील्डला स्थलांतरित लोक कुत्री मांजरं खातायत. रोख हैतीहून आलेल्या लोकांवर होता. गावाचे अधिकारी सांगत होते की असं काहीही झालेलं नाही. तरी पुढचे कित्येक दिवस शाळा, हॉस्पिटलं, सरकारी ऑफिसं यांना बॉम्बच्या धमक्या येत होत्या आणि लहान मुलांना वर्गातून बाहेर काढावं लागत होतं. मला हे ऐकताना सगळ्यात जास्त काय लागलं तर त्याच स्प्रिंगफील्डमध्ये १९०४ आणि १९०६ ला ब्लॅक वस्ती जाळलेली आहे (हे ओहायोचं, वर सांगितलेलं लिंकनचं वेगळं), आणि डिबेटनंतरच्या चर्चांमध्ये कुणी त्याचा उल्लेख केल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

‘रेड समर’ म्हणजे काय?

१९१९ चा उन्हाळा. पहिलं महायुद्ध संपलेलं, ब्लॅक सैनिक वर्दीत परत आलेले, दक्षिणेतून लाखो ब्लॅक कुटुंबं उत्तरेकडच्या कारखान्यात कामाला आलेली, घरं कमी, नोकऱ्या कमी. देशभर डझनावारी ठिकाणी हिंसाचार झाला. एनएएसीपीचे जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी त्याला हे नाव दिलं.

शिकागोचं सांगते. २७ जुलै, उकाडा, मिशिगन तलावावर पोरं पोहत होती. युजीन विल्यम्स, वय १७, तराफ्यावर तरंगत तरंगत त्या न दिसणाऱ्या रेषेच्या पलीकडे गेला जिथून पुढे गोऱ्यांचा किनारा. एका गोऱ्या माणसाने दगड मारले, पोरगा बुडाला. लोकांनी बोट दाखवून सांगितलं हा तो माणूस, तरी तिथल्या पोलिसाने त्याला पकडलं नाही. तिथून पेटलं. आठवड्याभरात ३८ मेले, २३ ब्लॅक आणि १५ गोरे, हजारेक ब्लॅक कुटुंबं बेघर. गोऱ्या पोरांचे ‘अॅथलेटिक क्लब’ म्हणजे खरंतर गल्लीतल्या टोळ्या, त्या यात पुढे होत्या असं चौकशी आयोगाने लिहून ठेवलंय. त्यातल्या हॅम्बर्ग क्लबचा एक सदस्य तेव्हा सतरा वर्षांचा होता, रिचर्ड डेली, पुढे २१ वर्षं शिकागोचा मेयर. त्या दिवसांत तो काय करत होता हे त्याने आयुष्यात कधी सांगितलं नाही. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर शिकागो पेटलं तेव्हा आग लावणाऱ्याला दिसताक्षणी ठार करा असं म्हणणारा मेयर तोच.

टल्साबद्दल सांग.

ग्रीनवुड ही टल्सातली ब्लॅक वस्ती, रेल्वे रुळांच्या पलीकडची. गावात तेल सापडल्यामुळे पैसा खेळत होता आणि गोऱ्या दुकानात ब्लॅक गिऱ्हाइकाला घेत नसल्यामुळे त्यांचा पैसा त्यांच्याच वस्तीत फिरायचा. हॉटेलं, थिएटर, दोन पेपर, डॉक्टर, वकील, शिंपी, सगळं होतं. ‘ब्लॅक वॉल स्ट्रीट’ म्हणतात ते हेच, अर्थात तिथे मोलकरणी आणि हमालही भरपूर राहायचे, सगळेच श्रीमंत होते असं समजू नका.

३० मे १९२१ ला डिक रोलंड नावाचा १९ वर्षांचा बूटपॉलिश करणारा पोरगा ड्रेक्सेल बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरला. लिफ्ट चालवणारी सेरा पेज, १७ वर्षांची. आत काय झालं, पाय घसरला का हात लागला, कुणाला माहीत नाही, ती ओरडली. दुसऱ्या दिवशी ‘टल्सा ट्रिब्यून’ने छापलं की लिफ्टमध्ये मुलीवर हल्ला करणारा निग्रो पकडला. संध्याकाळपर्यंत कोर्टाबाहेर शेकडो गोरे. ग्रीनवुडमधून युद्धावरून आलेले काही सैनिक बंदुका घेऊन गेले, पोराला जमावाच्या हाती लागू देणार नाही म्हणून. झटापटीत एक गोळी सुटली.

रात्रभर आणि १ जूनच्या दुपारपर्यंत सुमारे ३५ ब्लॉक जाळले, बाराशेहून जास्त घरं. पोलिसांनीच जमावातल्या लोकांना तात्पुरते शिपाई म्हणून नेमून मोकळीक दिली. वरून विमानं फिरत होती, त्यातून गोळ्या आणि पेटते गोळे टाकल्याचं पाहणाऱ्यांनी सांगितलंय. सहा हजाराच्या आसपास ब्लॅक लोकांना पकडून हॉलमध्ये, बेसबॉलच्या मैदानात, जत्रेच्या आवारात कोंडलं आणि गोऱ्या मालकाने येऊन ‘हा माझ्याकडे कामाला आहे’ सांगितलं की सोडायचं, ओळखपत्र देऊन. म्हणजे ज्यांची घरं जाळली त्यांनाच अटक. सरकारी आकडा ३६ मृत, अभ्यासकांचे अंदाज १०० ते ३००. डिक रोलंडवरचा खटला पुढे काढून टाकला.

त्याच महिन्यात ग्रँड ज्युरी बसली, सगळे गोरे, आणि त्यांनी ठपका ठेवला बंदुका घेऊन आलेल्या ब्लॅक माणसांवर. खुनासाठी किंवा जाळपोळीसाठी एकाही गोऱ्या माणसाला शिक्षा झाली नाही.

विमा होता ना लोकांचा? मग पैसे का नाही मिळाले?

इथे तो शब्द येतो. पॉलिसीत कलम होतं की दंगलीत झालेल्या नुकसानीची भरपाई नाही. घटनेला ‘रायट’ म्हटलं की कंपनी हात झटकायला मोकळी. सुमारे १८ लाख डॉलरचे दावे, तेव्हाचे डॉलर, जवळपास सगळे गेले. विल्यम रेडफर्न नावाचा एक गोरा मालक, ज्याचं ग्रीनवुडमध्ये हॉटेल आणि थिएटर होतं, तो कोर्टात गेला. त्याचं म्हणणं की आग तर पोलिसांनी नेमलेल्या लोकांनीच लावली. १९२६ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात तोही हरला. जिथे गोऱ्या माणसाला मिळाले नाहीत तिथे बाकीच्यांचं काय होणार.

वर नगरपालिकेने नियम काढला की जळालेल्या जागेवर बांधायचं तर आगीत न जळणारं महागडं बांधकामच करायचं, म्हणजे लोक जागा विकून जातील. बी. सी. फ्रँकलिन नावाचे ब्लॅक वकील, त्यांचं ऑफिसही जळालेलं, त्यांनी तंबू ठोकून त्यात ऑफिस मांडलं, केस लढवली आणि तो नियम उडवून लावला. लोकांनी ग्रीनवुड परत उभं केलं, हे मला नेहमी आवर्जून सांगावंसं वाटतं कारण सगळे जळण्यापाशीच थांबतात. चार दशकांनी त्याच्यावरून हायवे नेला. मी त्या हायवेखाली उभी राहिलेय, वरून ट्रक जातात तेव्हा बोललेलं ऐकू येत नाही. फुटपाथवर पितळी पाट्या आहेत, अमुक दुकान, अमुक टेलर, १९२१ ला उद्ध्वस्त, खाली लिहिलेलं ‘पुन्हा सुरू झालं’ किंवा ‘पुन्हा सुरू झालं नाही’. चालताना त्या वाचत जायच्या. मी अर्ध्या रस्त्यात थांबले.

‘लॉ अँड ऑर्डर’ हा मुद्दा कुठून आला?

१९६७ च्या उन्हाळ्यात नेवार्कला २६ आणि डेट्रॉइटला ४३ मेल्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी इलिनॉयचे गव्हर्नर ओटो कर्नर यांच्या हाताखाली आयोग नेमला. फेब्रुवारी १९६८ अखेरीस रिपोर्ट आला, त्यात स्पष्ट लिहिलं की देश दोन समाजांत फुटतोय, एक काळा एक गोरा, वेगळे आणि असमान, आणि याला गोऱ्यांचा वर्णद्वेष जबाबदार आहे. घरं, नोकऱ्या, शाळा यावर पैसा घाला असं सांगितलं. रिपोर्टचं पुस्तक लाखांनी खपलं. जॉन्सन यांनी मात्र तो थंडपणे बाजूला ठेवला. पाच आठवड्यांत किंग यांचा खून झाला, शंभरावर शहरं पेटली. आणि मग निवडणूक.

निक्सन लॉ अँड ऑर्डर म्हणत उभे राहिले आणि जिंकले. उघड वर्णद्वेषावर उभ्या राहिलेल्या जॉर्ज वॉलेसला साडेतेरा टक्के मतं पडली. निक्सन यांनी उपाध्यक्ष म्हणून निवडलेले स्पायरो अॅग्न्यू हे मेरीलँडचे गव्हर्नर, आणि त्यांचं नाव देशभर झालं कशामुळे, तर बाल्टिमोरच्या दंगलीनंतर ब्लॅक नेत्यांना बोलावून त्यांनाच सगळ्यांसमोर झापलं म्हणून. लोकांना भीती वाटत होती हे खरं होतं, दुकान जळालेल्या माणसाला कारणांचा इतिहास ऐकायचा नसतो. पण त्या भीतीचं मत कसं करायचं हे तेव्हा जे शिकले ते विसरले नाहीत.

मे २०२० मध्ये मिनियापोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड हा ब्लॅक माणूस मेला, आंदोलनं झाली, काही ठिकाणी जाळपोळ, तेव्हा ट्रम्प यांनी लिहिलं की लुटालूट सुरू झाली की गोळीबार सुरू होतो. हे वाक्य १९६७ चं आहे, मायामीचा पोलिस चीफ वॉल्टर हेडली याचं. आणि त्यानंतरची पहिली प्रचारसभा त्यांनी ठेवली होती टल्सालाच, १९ जूनला, गुलामगिरी संपल्याच्या दिवशी. ओरड झाली म्हणून एक दिवस पुढे ढकलली.

१९९२ च्या लॉस एंजलिसमध्ये कोरियन लोकांची दुकानं का जळाली?

पोलिसांनी रॉडनी किंग या ब्लॅक माणसाला मारहाण केली त्याचा व्हिडिओ जगाने पाहिला होता, तरी २९ एप्रिल १९९२ ला ज्युरीने पोलिसांना सोडलं. पण त्याच्या आधीची एक जखम होती. मार्च १९९१ मध्ये लटाशा हार्लिन्स या १५ वर्षांच्या ब्लॅक मुलीला ज्यूसच्या बाटलीवरून एका कोरियन दुकानदार बाईने पाठीमागून गोळी घातली, आणि कोर्टाने तिला एक दिवसही तुरुंगात पाठवलं नाही. दंगलीत साठच्या वर माणसं मेली आणि कोरियन लोकांची दोन हजारांवर दुकानं लुटली-जळाली, पोलिस श्रीमंत भाग सांभाळत बसले. परदेशात दुकान टाकून बसलेल्या आपल्या लोकांनी हे नीट वाचावं असं मला वाटतं.

भारतीयांवर असं काही झालंय का?

हो. ४ सप्टेंबर १९०७, वॉशिंग्टन राज्यातलं बेलिंगहॅम. लाकडाच्या गिरण्यांमध्ये काम करणारे पंजाबी, बहुतेक शीख. चार-पाचशे गोऱ्यांचा जमाव त्यांच्या खोल्यांत घुसला, मारलं, सामान बाहेर फेकलं, बऱ्याच जणांना रात्रभर सिटी हॉलमध्ये ठेवलं. काही दिवसांत एकही भारतीय गावात उरला नाही. तीन दिवसांनी कॅनडात व्हँकुव्हरला चिनी आणि जपानी वस्तीवर हल्ला. आणि पुढे तीच साखळी, आधी जमाव मग कायदा. १९१७ मध्ये आशियाच्या बहुतेक भागातून येणाऱ्यांना बंदी, १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या सैन्यात नोकरी केलेल्या माणसाला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व नाही.

आपला मराठी माणसांचा याच्याशी काय संबंध?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १६ न्यूयॉर्कला कोलंबियात शिकले, आणि १९४६ मध्ये त्यांनी ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून ब्लॅक लोकांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, अस्पृश्यांच्या वतीने असं काही करता येईल का म्हणून. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नाव थेट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. त्यामुळे ‘तिकडच्या भानगडीत आपण कशाला’ असं कुणी म्हटलं की मला पटत नाही.

निग्रो, काळे, कृष्णवर्णीय, काय म्हणायचं?

निग्रो नको, जुन्या मजकुरात आलं तर तेवढंच. ब्लॅक किंवा कृष्णवर्णीय चालतं. मी बोलते तसं लिहिलंय.

हे तिकडे शाळेत शिकवतात का?

टल्साचं कित्येक दशकं नाहीच शिकवलं, तिथेच वाढलेल्या लोकांना चाळिशीत कळलं. ट्रिब्यूनचा तो अंक मायक्रोफिल्मवर घ्यायच्या आधीच कुणीतरी ती बातमी फाडून घेतली होती. २००१ च्या आयोगाने सगळं बाहेर काढलं, त्या आयोगाच्याही नावात रायट होतं, नंतर लोक हत्याकांड म्हणायला लागले. आणि मे २०२१ मध्ये, बरोबर शंभरी भरत असताना, ओक्लाहोमाने कायदा केला की वंशावरून विद्यार्थ्याला अपराधी वाटावं असं काही शिकवायचं नाही. टल्सा शिकवायला बंदी नाही असं सरकार म्हणतं, पण तक्रार झाली तर काय या भीतीने शिक्षक काय करेल ते तुम्हीच बघा.

फ्लोरिडाचं मला जास्त टोचतं. ओकोई गावात १९२० च्या निवडणुकीच्या दिवशी ब्लॅक माणूस मत द्यायला गेला म्हणून वस्ती जाळली आणि गाव रिकामं केलं. २०२३ च्या नव्या अभ्यासक्रमात ओकोई आहे, टल्सा आहे, रोझवुड (त्याचं पुढे येईल) आहे, पण शब्द असे की ब्लॅक लोकांवर ‘आणि ब्लॅक लोकांनी’ केलेला हिंसाचार. परत कुस्तीचा आखाडा.

६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थकांचा जमाव वॉशिंग्टनच्या संसद भवनात घुसला, त्याची विल्मिंग्टनशी तुलना योग्य आहे का?

पूर्ण नाही. विल्मिंग्टनला सत्ता खरोखर हिसकावली गेली आणि मेले ते मुख्यतः ब्लॅक लोक. पण मतांनी ठरलेली सत्ता मान्य नाही म्हणून जमाव घुसवायचा हे सारखंच. आणखी एक, विल्मिंग्टनच्या कुणालाही शिक्षा झाली नाही, उलट त्यातले लोक गव्हर्नर, सिनेटर झाले, डॅनियल्स तर पहिल्या महायुद्धात नौदलाचा मंत्री. ६ जानेवारीच्या शेकडो लोकांना शिक्षा झाली आणि २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी सुमारे पंधराशे जणांना माफी किंवा सूट देऊन टाकली.

नुकसानभरपाई कधी कुणाला मिळाली का?

रोझवुडला मिळाली. फ्लोरिडातलं ते गाव जानेवारी १९२३ मध्ये नकाशावरून पुसलं गेलं, आणि १९९४ मध्ये राज्याने सुमारे २१ लाख डॉलर मंजूर केले, जिवंत राहिलेल्यांना प्रत्येकी दीड लाखापर्यंत. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं.

टल्साला नाही. त्या हत्याकांडातून वाचलेल्या व्हायोला फ्लेचर १०७ व्या वर्षी २०२१ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन संसदेच्या समितीसमोर बोलल्या, की त्या रात्रीचा धूर आणि रस्त्यावर पडलेली माणसं अजून दिसतात. जून २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यांचा दावा फेटाळला. जानेवारी २०२५ ला केंद्राच्या न्याय खात्याचा रिपोर्ट आला, म्हणे आज घडलं असतं तर खटले भरता आले असते, पण आता गुन्हेगार कुणी जिवंत नाही. जून २०२५ मध्ये टल्साचे पहिले ब्लॅक मेयर मन्रो निकोल्स यांनी १०.५ कोटी डॉलरचा खाजगी ट्रस्ट जाहीर केला, घरं, जमीन, स्कॉलरशिपसाठी. जिवंत असलेल्यांच्या हातात थेट पैसे त्यात नाहीत. फ्लेचरबाई त्याच वर्षी नोव्हेंबरात गेल्या, १११ वर्षांच्या होत्या.

मेलेल्यांचा खरा आकडा कधी कळेल?

टल्सातल्या ओकलॉन स्मशानभूमीत काही वर्षांपासून खोदकाम चालू आहे, खुणा नसलेल्या थडग्यांतून हाडं काढून डीएनए जुळवतात. जुलै २०२४ मध्ये पहिली ओळख पटली, सी. एल. डॅनियल, पहिल्या महायुद्धातला सैनिक, विशीतला, जॉर्जियाचा. टल्साचा तो नव्हताच, घरी परतायच्या वाटेवर होता. ओळख पक्की व्हायला मदत झाली ती १९३६ च्या एका पत्राची, त्याच्या आईच्या वतीने वकिलाने सैनिकांच्या खात्याला लिहिलेलं, तिला पेन्शन मिळावी म्हणून. त्यात लिहिलंय की मुलगा १९२१ मध्ये टल्साला मारला गेला. पत्र सरकारी दप्तरातच होतं, अठ्ठ्याऐंशी वर्षं.